चाऱ्याचा रकाना

तिले हात नका लावू साहेब — म्हंजे पाहा ना, पाहाले काय हरकत हाये, पन खुटीवरून खाली नका काढू. जुनी गोनी हाये, माह्या आज्याची, भीमसिंगाची. काठाले कवड्या दिसून राह्यल्या ना, त्या माह्या आजीनं लावेल हायेत. अशा दोन गोन्या बैलाच्या पाठीवर, एक इकडून अन् एक तिकडून, आत धान्य नाईतं मीठ, अन् असे हजार-हजार बैल एका तांड्याचे. लदेनी म्हंतो आम्ही त्याले. आता आम्ही वावरं वाहतो, कापूस वेचतो, त्याच्यानं तुम्हाले वाटन का हे पहिल्यापासून कास्तकारच हायेत — नाई. तुम्ही खाटेवर बसा. कापूस सरकवा तिकडं, बिनधास्त सरकवा. हं. अन् ते पाकीट राहू द्या उशाशी. वाचतो ना मी मंग. घाई काय हाये? अक्षर ओळखलं मी पाह्यल्याबरोबर, मेजर साहेबाचं हाये. वणीवरून घेऊन आले म्हंता तुम्ही. बरे हायेत ना ते? कापूस पेरते? मेजर साहेब कापूस पेरते! बरं हाये. घरचंच वावर हाये त्याईचं.

ए, जा गा तुम्ही सगळे आता! जीप पाह्यली नाई का कधी? — हे असंच हाये साहेब. जीप तांड्यात आली तं आमचे नायक डोंगरसिंग हार घेऊनच धावले. त्याईले वाटलं तुम्ही मले मेडल द्याले आले. तुमच्या गळ्यात घालायच्या ऐवजी माह्याच गळ्यात घातला, पाहा ना, अजून तसाच हाये. झेंडूची फुलं हायेत, मान खाजून राह्यली. काढतो. जमनी, चहा ठेव वो साहेबाले. दूध नसन तं बकरीचं टाक — चालते ना साहेब, बकरीचं? ही माही बायको, जमनी. तिच्यासमोर बोलाले काही हरकत नाई, तिले मराठी समजते पन ती ऐकत नाई. इतके वर्षं माह्या नोकरीच्या गोष्टी ऐकून कटाळली.

तं तुमचं म्हननं असं, का फौजेची नवी बांधनी होऊन राह्यली. डोंगरातल्या लढाईसाठी नव्या पलटनी उभ्या होऊन राह्यल्या, किती मानूस, किती तोफा, किती खेचरं, सगळं पहिल्यापासून मोजून राह्यले. त्याचं एक पुस्तक निघून राह्यलं. अन् त्या पुस्तकात वर रसद नेन्याचा एक तक्ता टाकायचा हाये, अन् तो तक्ता मेजर साहेबाच्या जुन्या कागदात सापडला, खाली लिहेल होतं, हवालदार देवसिंग. अन् तो छापाले जायच्या आधी माही सही पायजे, का हा तक्ता मीच बनवला अन् बरोबर हाये. इतलंच ना? म्हंजे दिल्लीवाल्या साहेबाईनं माह्या हातचा तक्ता ठेवला. बासष्टच्या चीनच्या लढाईतलं सगळं फेकून दिलं, अन् हा ठेवला. दाखवा बरं. चश्मा देतं का जमनी?

हं. माहंच अक्षर होतं, आता टाइप केलं. रस्ता, मजला, मानसं, दिवस, खेचरं, लाद. सहा रकाने. मजल म्हंजे एका दिवसाची चाल, लाद म्हंजे पाठीवरचं वझं. सुबक हाये, नाई? मेजर साहेब म्हने, देवसिंग, तुहा तक्ता पाह्यला का मानूस समजून जाते, आंधळा असला तरी.

तुम्ही पुन्याकडचे, माही बोली समजून राह्यली ना? नाईतं हिंदीत बोलतो. समजते? बरं. मेजर साहेबबी माह्यासंगं अशीच बोलत. इंग्रजी बोलाले लागले का समोरचा कर्नल उठून बसे, पन आम्ही दोघंच असलो का, "काय गा देवसिंग, जेवला का?" वणीकडचे ते. वामनराव हे नाव त्याईले फौजेत कोनी म्हनेच ना, मेजर साहेबच सगळ्याईचे. त्याईचे आजोबा अन् माहा आजा एकमेकाले ओळखत असतीन, असं ते म्हनत. वणीच्या बाजारात आमचा तांडा मीठ घेऊन जाय ना. कोन जाने खरं का खोटं, पन मले लय बरं वाटे ते ऐकून. मी डेपोतला कारकून. सपाट मुलखातला डेपो, एकवीस वर्षं पोते मोजले. कोनी विचारलं नाई मले कधी, का बावा तुहा बाप काय करे, आजा काय करे. यायनं विचारलं.

अन् त्याईचं डोकं म्हंजे — काय सांगू. नकाशावरचे साहेब होते ते. लढाईचा बेत करनारे. लढाई कुठी करायची, कोन्या पहाडावर थांबायचं, किती दिवस थांबायचं, हे ठरवनारे. पन दुसऱ्याईसारखे नाई. ते म्हनत, नकाशावर लाल पेन्सिलीनं बान कोनीबी काढते देवसिंग, शाळेतलं पोट्टं काढते. त्या बानाच्या मांगं भाकर कशी जाते, हे ज्याले दिसते तो बेत करनारा. अन् म्हनत, आपल्या फौजेची नवी बांधनी करायची असन ना, तं वरच्या साहेबानं पहिले खालच्या मानसाले विचारलं पायजे, ज्याच्या खांद्यावर वझं हाये त्याले. पुस्तक मंग. हे ते बासष्टच्या आधी म्हनत साहेब. तुम्ही आता चौसष्टमंधी माह्या दारात आले, मले विचाराले, हेच ते म्हनत होते.

म्हनून त्याईनं मले डेपोतून उचललं अन् संगं नेलं. वर. ठिकानाचं नाव मी नाई घेत, तुमच्या फायलीत असन. दसऱ्याचे दिवस होते. मी असे पहाड पाह्यलेच नव्हते. श्वास घेतला का कमी पडे. माह्यासारखाच खेचराचा कंपूबी खालूनच आलता, नवा, अर्धे लोक सपाटीतले.

आता त्या दिवसाचं सांगतो, तुम्हाले लिहायचं हाये म्हनून. तंबूत सात-आठ साहेब. मंधात टेबल, टेबलावर नकाशा. मेजर साहेबाचा बेत असा, का एक कंपनी, एकशे वीस मानूस, त्या समोरच्या धारेवर चढवायची अन् वीस दिवस तिथं थांबवायची. वीस दिवसात खालून बाकीची फौज येते. ती धार हातात असली का खालची सगळी दरी आपली. बेत चांगला होता साहेब. आजबी तुम्ही कोन्या हुशार मानसाले विचारा. एक साहेब म्हने, वीस दिवस खातीन काय? मेजर साहेब हसले, अन् माह्याकडं पाह्यलं. म्हने, हे विचारा माह्या देवसिंगाले. याच्या आज्या-पंज्यानं फौजा पोसल्या. बादशाही फौजा दक्षिनेत उतरल्या तवा यायच्याच बैलाच्या पाठीवर त्याईचं पोट होतं.

सगळे माह्याकडं पाहाले लागले. तो विचारनारा साहेब तं असा पाहे, का हा कोन गावंढळ. — तुम्ही नाई पाहत तसे. पन पाहतेत लोक. — अन् मी उभ्या उभ्या सांगतलं. कागद नाई, पेन्सिल नाई. साठ खेचरं, दोन मण लाद, तीन मजला वर, दोन मजला खाली, एकशे वीस मानसाचं वीस दिवसाचं पोट. ज्यानं विचारलं त्यानं कागदावर मांडून पाह्यलं अन् मान हालवली. बरोबर, म्हने. मेजर साहेबानं सगळ्याईसमोर माह्या पाठीवर थाप मारली. एकवीस वर्षात पहिल्यांदा. मंग बसून हा तक्ता लिहिला, जो तुमच्या हातात हाये. बस, इतलंच हाये. कुठी सही करायची?

काय म्हंता?

मंग कंपनी खाली काहून आली? हे कुठी तक्त्यात येते साहेब? बरं, विचारलं तं सांगतो. नकाशात चूक होती. त्या रस्त्यानं दुसऱ्या मजलेपासून हिरवा रंग होता नकाशावर. हिरवा म्हंजे कुरन. अन् तिथं कुरन होतं, पन उन्हाळ्यातलं. नकाशा काढनारे उन्हाळ्यात गेलते. आम्ही गेलो तवा बर्फ. गवताची काडी नाई. खेचराच्या तोबऱ्यात दोन दिवसाचा दाना होता, तो सरला, अन् जनावरं बसत गेली. बसलं का उठेना. साठातले अकरा पोचले. आता याच्यात कोनाची चूक म्हनान? नकाशाची. नाईतं मेजर साहेबाची म्हना, सही त्याईची होती. लोक तसंच म्हंते.

उमरखेडले स्टँडच्या बाजूले एक पानाचं दुकान हाये, नागोरावचं. त्या कंपनीत होता तो, लान्सनाईक. दोन्ही पायाचे बोटं गेले त्याचे, बर्फानं. कुबडीवर हाये आता. मी बाजाराले गेलो का मले पान लावून देते. म्हंते, दादा, त्या मेजरनं आम्हाले उपाशी मारलं, बसल्या जागी नकाशा पाहून. दर बाजाराले म्हंते. अन् मी —

मी पान खातो, दुसरं काय करू.

मान हालवतो. हाव, म्हंतो, बेकारच केलं बावा त्यानं. असं म्हंतो मी. तुम्ही लिहू नका हे.

पाहा साहेब, तुम्ही तरुन हायेत, तुम्हाले एक गोष्ट समजावून सांगतो, मंग तुम्हीच ठरवा. माहा आजा भीमसिंग. त्याले लिहिता येत नव्हतं, पन मोजनी अशी पक्की का वानी त्याले विचाराले येत. एका बैलाले दोन गोन्या. सकाळी थंडाव्यात चालायचं, ऊन चढलं का पान्यापाशी थांबायचं, बैल सोडून द्यायचे. बैल चरत. चालताना बी चरत. म्हनून आमची मजल लहान असे, पाच-सहा कोस. वेसन नाई, दावं नाई, पुढच्या बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकून मांगचे चालत. अन् त्या मोजनीत गवताले आकडाच नव्हता. वझं मोजलं, पानी मोजलं, कोस मोजले, बैल मोजले. गवत नाई. मी एकदा विचारलं, लहान होतो तवा, का दादा, बैल काय खातीन याचा हिशोब काहून नाई? तं त्यानं मले झापलं. म्हने, जे आपून पेरलं नाई ते कायले मोजतं? धरतीचं हाये. मोजलं तं आटन. असं म्हने. अन् खरंच सांगतो, आमच्या घरात आजबी कोनी गवत मोजत नाई. भारा आनतो, टाकतो.

तं मी तंबूत उभा राहून जे सांगतलं, ते माह्या तोंडातून माहा आजा बोलला साहेब. डेपोतली एकवीस वर्षं कुठी गेली कोन जाने. सगळे पाहून राह्यले होते, मेजर साहेब आज्याचं नाव घेऊन राह्यले होते, अन् माह्या तोंडून तीच मोजनी निघाली. सहा रकाने. पाहा ना तुम्हीच कागदावर. रस्ता, मजला, मानसं, दिवस, खेचरं, लाद. चाऱ्याचा रकानाच नाई.

दिसलं? इतके लोक पाहून गेले दिल्लीत, कोनालेच नाई दिसलं? सुबक हाये ना, म्हनून.

खेचर एका दिवसाले दाना-गवत धरून बारा किलो खाते. पाच दिवसाचे झाले साठ. दोन मण म्हंजे तुमचे पंच्याहत्तर किलो. म्हंजे जनावर आपलंच पोट पाठीवर घेऊन चालते, अन् मानसासाठी उरते काय? पंधरा किलो. वीस दिवसाचं धान्य चार दिवसाचं होते. हे ज्याले माहीत हाये तो त्या धारेवर एकशे वीस मानूस चढवतच नाई. पंचवीस चढवन, नाईतं बेतच बदलन. मेजर साहेबानं बदलला असता. घटकाभरात बदलला असता.

अज्ञानानं झालं साहेब. चूक मानसाच्या हातून होते. मले तं मंग समजलं, खेचरं निघून गेल्यावर —

नाई. निघून गेल्यावर नाई.

आदल्या दिवशी. थाप मारली त्याच दुपारी. मी खेचराच्या रांगा पाहाले गेलतो, उगाचच, खुशीत होतो म्हनून. तिथं एक खेचर समोरच्या खेचराची शेपटी चावून राह्यलं होतं. केस तोडून तोडून खाऊन राह्यलं होतं. ज्याच्या शेपटीचे केस ते खेचरबी हालत नव्हतं. मी पाहत उभा राह्यलो. एक गढवालचा म्हातारा ड्रायव्हर होता तिथं — खेचरं हाकते त्यालेबी फौजेत ड्रायव्हरच म्हंते ना — तो म्हने, चारा कहाँ है, हवलदार साहब? मी म्हनलं, आगे घास है, नक्शे में है. त्यानं आपल्या जेवनाच्या रोट्या काढल्या, मोडल्या, अन् आपल्या खेचराच्या तोबऱ्यात टाकल्या. अन् मले पाहत राह्यला. शिवी दिली असती तं बरं झालं असतं.

तवा समजलं मले. सगळंच समजलं.

मी तंबूत आलो अन् बसून हिशोब केला. दोन वेळा केला. मंग उठलो, मेजर साहेबाच्या तंबूत गेलो. सांगाले गेलो होतो साहेब. आईची शपथ, सांगालेच गेलो होतो. तिथं तेच सगळे बसेल होते, चहा पिऊन राह्यले होते. तो विचारनारा साहेबबी. मी दारात उभा राह्यलो. मेजर साहेबानं मान वर केली. हातात माहाच तक्ता होता, लाल पेन्सिल कानावर. कपाळाले आठी होती. सगळ्याईसमोर, पन आपल्या बोलीत, माह्यापुरतंच, त्याईनं विचारलं, "देवसिंग, चाऱ्याचं धरलं होतं का गा?"

एवढंच विचारलं त्याईनं.

अन् मी म्हनलं, "हाव साहेब."

काहून म्हनलं? हे मी दोन वर्षं झाले विचारून राह्यलो. तुम्हाले काय वाटते, मी भेलो? शिक्षेले नाई भेलो. मी — त्या साहेबानं कप खाली ठेवला होता अन् माह्याकडं पाह्यलं होतं. मले वाटलं, आता हा हसन. मेजर साहेबाले म्हनन, घ्या, हाच का तुमचा फौजा पोसनारा? माह्या आज्याले हसतीन. सकाळची ती थाप माह्या पाठीवर अजून गरम होती साहेब, मले ती जाऊ द्यायची नव्हती. म्हनून म्हनलं. एक शब्द. मेजर साहेबाची आठी गेली. त्याईनं कानावरची पेन्सिल काढली अन् सही केली. माह्या शब्दावर. दुसऱ्या दिवशी पहाटे खेचरं निघाली, घंट्या वाजवत. तो म्हातारा पुढं होता. तो नाई आला वापस.

एकशे वीस चढले, एक्यान्नव उतरले. अन् एकबी गोळीनं नाई मेला. लढाई झालीच नाई त्या धारेवर. भूक अन् थंडी. नऊ दिवस काढले त्याईनं अकरा खेचराच्या लादीवर. मंग खेचरं कापून खाल्ले. नागोरावनं सांगतलं मले हे, पान लावता लावता.

चौकशी बसली तवा मी बाहेर फायली घेऊन उभा होतो. तंबूच्या कापडातून सगळं ऐकू येते. विचारलं, तक्ता कोनाचा? मेजर साहेब म्हने, माहा. विचारलं, अंक कोनी दिले? म्हने, सही माही हाये, अंक माहे हायेत. मले कोनी आत बोलावलंच नाई. मी थांबलो होतो, का आता बोलावतीन, आता बोलावतीन. बाहेर आले तवा माह्याजवळून गेले. थांबले नाई, पन जाताना म्हने, जेवून घे देवसिंग. महिन्याभरात ते वणीले गेले, कायमचे. मंग जो तो म्हनाले लागला, खालच्या मानसाले विचारून बेत केले का असंच होते. त्याईची जी गोष्ट होती ना, खालच्याले विचाराची, ती बी मेली तिथंच. तीबी मीच मारली. अन् मी पूर्न नोकरी करून आलो, ढोल वाजवून मले तांड्यात आनलं या लोकाईनं.

काय? मंग तरी सांगता आलं असतं? तेच तं. टेलिफोन होता. खेचरं पहिल्या मजलेवर थांबली तवा तिथं ठानं होतं, तिथंबी टेलिफोन होता. मी त्याच्याजवळ दोन वेळा जाऊन आलो. आकडे शोधायचेबी काम नव्हतं, कागद तं तयारच होता खिशात —

कोनता कागद म्हंजे? काही नाई. बोलन्यात आलं.

जमनी, चहा झाला का वो? नाई? बरं.

होता कागद. म्हनलं ना, बसून हिशोब केला, दोन वेळा केला. दुसऱ्या वेळचा साफ कागदावर केला, रुळानं रेघा मारून. सात रकाने. तो खिशात घेऊनच मी त्या तंबूच्या दारात उभा होतो साहेब. खिशावर हात होता माहा. त्याईनं विचारलं, अन् माहा हात खिशावर होता, अन् मी हाव म्हनलं. हे आजपर्यंत कोनालेच नाई सांगतलं. हिलेबी नाई. पाहा, आता कशी पाहून राह्यली.

तुम्ही लिहनं काहून थांबवलं? लिहा ना. का फाईल बंद झाली म्हंता? पुस्तक बनून तयार हाये, एका सहीसाठी अडलं, असं म्हंता? मंग मी सही करून देऊ का यावर? नव्या पलटनी याच कागदावर चढतीन वर? सहा रकान्यावर?

थांबा. वाचतो पाकीट. इतका वेळ भेलो मी त्याले. मले वाटलं, त्याईनं लिहिलं असन, देवसिंग, तू माहं वाटोळं केलं. लिहायचा हक्क हाये त्याईले. तीन वेळा निघालतो मी वणीले जायले. उमरखेडच्या स्टँडवर बसलो, गाडी लागली, अन् उठून नागोरावचं पान खाऊन घरी आलो. द्या. फाडा तुम्हीच. एकच चिठ्ठी हाये? एकच ओळ?

"देवसिंग, चाऱ्याचं धरलं होतं का गा?"

पाहा, हेच लिहेल हाये.

तुम्हाले माहीत होतं काय लिहिलं ते? नाई? काय म्हने मंग ते, पाकीट देताना? — "याचं उत्तर आनल्याशिवाय मी त्या तक्त्यावर काही बोलत नाई." असं म्हने. म्हंजे त्याईले माहीत होतं. चौकशीत उभे होते तवाबी माहीत होतं. दोन वर्षं वणीले बसून हेच एक विचारून राह्यले, अन् मी इकडं पान खाऊन मान हालवून राह्यलो. अन् 'गा' लिहिलं पाहा, आपल्या बोलीतलं. अजूनबी 'गा' लिहिलं.

पेन द्या. नाई, तुमच्या कागदावर सही नाई करत मी, तो ठेवा तिकडं. ही चिठ्ठी पलटी करतो, हिच्याच मांगं लिहितो. — नव्हतं धरलं साहेब. देवसिंग. — झालं. इतले चार शब्द होते, दुसरं काहीच नाई. हे वणीले नेऊन द्या. आजच्या आज निघान तं उद्या पोचान.

जमनी, ती गोनी काढ खाली. काढ वो, काही नाई होत. उजव्या बाजूची शिवन उसव, कवड्या तुटल्या तं तुटू दे. सापडला का कागद? दे साहेबाच्या हातात, माह्या हातात नको देऊ. सात रकाने हायेत साहेब, मोजून घ्या. सातवा चाऱ्याचा. थोडा घामानं पुसला हाये, तरी आकडे वाचता येतेत. हा छापा. अन् खाली माहं नाव टाकाचं असन तं आधीच्या तक्त्यावरबी टाका, फायलीत, का हा खोटा ह्यानंच दिला होता. नागोरावले मी सांगतो. ते माहं काम हाये, तुम्ही नका सांगू.

चहा राहू द्या आता, रस्त्यात पिऊन घ्या कुठी. ड्रायव्हरले आवाज द्या. नाई, मले काही म्हनू नका साहेब, चांगलं केलं, हिंमत केली, असलं काही म्हनू नका, मले ऐकवनार नाई. तो हार द्या इकडं, खाटेवरचा. बकरीले टाकतो.

निघा तुम्ही.